‘पोलिस केस आहे, सिव्हिलला न्या’ असे दवाखाना म्हणू शकतो का?

आरोग्याच्या या पानावर आपण एरवी आजार आणि औषधांबद्दल बोलतो. या वेळी दवाखान्याच्या दारात काय होते त्याबद्दल लिहिते आहे. सुरुवात माझ्यापासूनच करावी लागेल.

२००३ साली मी एका खासगी नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला होते. नर्सिंगचा डिप्लोमा होऊन दोन वर्षे झाली होती. जवळच एका इमारतीच्या स्लॅबचे काम रात्री उशिरापर्यंत चालले होते. अकराच्या सुमारास रिक्षातून चौघे जण एका बिगाऱ्याला घेऊन आले. परांचीवरून पडला होता, मांडीत सळई घुसली होती. कोणीतरी लुंगीने मांडी बांधली होती आणि ती लुंगी रक्ताने थबथबली होती. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी लांबूनच पाहिले आणि मला म्हणाले, “पोलिस केस आहे, सिव्हिलला पाठवा.” मी बाहेर जाऊन तेच वाक्य त्या चौघांना सांगितले. वर माझ्या पदरचे एक वाक्य जोडले, “आणि इथे आधी डिपॉझिट भरावं लागतं.” रिक्षा वळली. सिव्हिल अकरा किलोमीटरवर होते. दुसऱ्या दिवशी आमच्या आयाबाईंनी सांगितले, तो पोरगा सिव्हिलच्या दारातच गेला. त्यांच्याच वस्तीतला होता.

माझ्या ट्रॉलीत त्या रात्री गॉजचे गठ्ठे होते, क्रेप बँडेज होते, सलाईन होते, सुई होती. कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर उभा होता. जखमेवर घट्ट दाब देऊन पट्टी, हाताला सलाईन, नाडी आणि बीपी, एक चिठ्ठी, एक फोन. पंधरा मिनिटांचे काम. ते आम्ही केले नाही. आणि मला मनातून असे वाटत होते की आपण नियमाप्रमाणेच वागलो.

तो नियम नव्हताच. ज्या दिवशी मी ते वाक्य बोलले, त्याच्या चौदा वर्षे आधी सर्वोच्च न्यायालयाने तो विषय संपवला होता. आम्हाला कोणी शिकवले नव्हते आणि त्या चौघांना कोणी सांगितले नव्हते. म्हणून हा लेख.

२८ ऑगस्ट १९८९ चा तो निकाल. परमानंद कटारा नावाचे एक कार्यकर्ते वर्तमानपत्रातली बातमी घेऊन कोर्टात गेले होते. स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसाला गाडीने उडवले. रस्त्यावरच्या एकाने त्याला उचलून जवळच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, अशा केसेस आम्ही घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या अमुक दवाखान्यात न्या. तिथे पोहोचण्याआधीच तो गेला. कोर्टाने सांगितले की दवाखाना सरकारी असो की खासगी, जीव वाचवण्यासाठी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. पोलिसांचे कागद, पंचनामा, कोणत्या हद्दीतला गुन्हा, हे सगळे त्यानंतर. कायद्याची कोणतीही प्रक्रिया या कर्तव्याच्या आड येऊ शकत नाही. आधार कशाचा, तर घटनेच्या २१ व्या कलमाचा, जगण्याच्या हक्काचा. बाबासाहेबांनी ज्या घटनेचा मसुदा केला, तिच्यातलेच ते कलम. आपण ते भाषणात खूप ऐकतो. ते दवाखान्याच्या काउंटरवरही चालते, हे आपल्याला माहीत नसते.

त्याच निकालात कोर्टाने डॉक्टरांचीही बाजू घेतली होती. साक्षीसाठी डॉक्टरांना विनाकारण ठाण्यात आणि कोर्टात बसवून ठेवू नये, असे सांगितले होते. कारण बरेच डॉक्टर दुष्टपणाने नकार देत नाहीत, कोर्टाच्या फेऱ्यांच्या भीतीने देतात. त्या रात्रीचे आमचे डॉक्टरही तसलेच, घाबरट. पण घाबरटपणाची किंमत मोजली कोणी, ते वर लिहिले आहे.

आता ‘पोलिस केस’ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. अपघात, मारहाण, भाजणे, विष, उंचावरून पडणे, बलात्कार, संशयास्पद बेशुद्धी अशा केसला दवाखान्यात एमएलसी म्हणतात. पूर्ण शब्द मेडिको-लीगल केस. यात घरच्यांनी आधी ठाण्यात जाऊन गुन्हा नोंदवून यायचे, असे काही नाही. पेशंट आल्यावर डॉक्टरने उपचार सुरू करायचे, रजिस्टरला एमएलसीची नोंद करायची आणि दवाखान्यानेच पोलिसांना कळवायचे. काम दवाखान्याचे आहे, तुमचे नाही. “आधी पोलिसांची चिठ्ठी आणा” असे कोणी म्हटले तर एवढेच म्हणा, “तुम्ही एमएलसी करा, पोलिसांना फोन करा, पण आधी पेशंटला हात लावा.” एमएलसी हा शब्द तुमच्या तोंडून आला की समोरच्याचा सूर बदलतो. हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. पुढे गुन्हा नोंदवताना “हे आमच्या हद्दीत नाही” हे उत्तरही चालत नाही. कोणत्याही ठाण्यात तक्रार घेऊन ती पुढे योग्य ठाण्याकडे पाठवण्याची तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे.

दुसरा निकाल पश्चिम बंगालमधला, ६ मे १९९६ चा. तो आपल्याला जास्त जवळचा आहे, कारण माणूस शेतमजूर होता. खेत मजदूर समितीचा सभासद. ८ जुलै १९९२ च्या संध्याकाळी रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग एकामागून एक सरकारी दवाखाने. कुठे सोय नाही, कुठे खाट रिकामी नाही. शेवटी खासगी दवाखान्यात भरती व्हावे लागले आणि १७ हजार रुपये खर्च आला. मजुराला त्या काळचे १७ हजार! समिती कोर्टात गेली. कोर्टाने म्हटले, सरकारी दवाखान्याने वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. २५ हजारांची भरपाई द्यायला लावली. शिवाय प्राथमिक केंद्रांत तातडीच्या उपचाराची सोय असावी, कुठे खाट रिकामी आहे हे कळण्यासाठी दवाखाने एकमेकांशी जोडलेले असावेत, सगळी साधने आणि माणसे असलेली रुग्णवाहिका असावी, असेही सांगितले. यातली किती सोय आपल्याकडे आहे ते तुम्ही जाणता. तरीही तो निकाल आजही लागू आहे आणि “खाट नाही” या उत्तरावर तोच आपला जबाब आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. प्रत्येक दवाखान्याने प्रत्येक पेशंटचे सगळे करायचे, असा कायद्याचा अर्थ नाही. गल्लीतल्या दवाखान्यात डोक्याचे ऑपरेशन होणार नाही. कायदा आणि वैद्यकीय नीती दोन्ही एवढेच म्हणतात, की तुमच्याकडे जे आहे ते वापरून पेशंटला स्थिर करा. स्थिर करणे म्हणजे श्वासाची वाट मोकळी करणे, ऑक्सिजन देणे, वाहते रक्त थांबवणे, सलाईन लावणे, मोडलेले हाड हलणार नाही असे बांधणे, झटके थांबवणारे इंजेक्शन देणे. मग पुढच्या दवाखान्याशी बोलून, रुग्णवाहिकेतून, चिठ्ठी देऊन पाठवणे. डॉक्टरांसाठी २००२ साली केलेल्या आचारसंहितेतही हेच आहे. एरवी पेशंट स्वीकारायचा की नाही हे डॉक्टर ठरवू शकतो. तातडीच्या वेळी तो नाकारू शकत नाही.

आपल्या राज्यात खासगी दवाखाने महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली चालतात. त्याच्या नियमांत २०२१ साली सुधारणा झाली. त्याप्रमाणे तातडीच्या पेशंटला पैशाचा विचार न करता जीव वाचवणारे प्राथमिक उपचार द्यायचे आहेत आणि पुढे पाठवताना योग्य काळजी घ्यायची आहे. रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे. पुढच्या वेळी खासगी दवाखान्यात गेलात तर भिंतीवर ही सनद शोधा. बऱ्याच ठिकाणी ती फिश टँकच्या मागे सापडते.

डिपॉझिटचा प्रश्न धर्मादाय दवाखान्यांत तर उभाच राहायला नको. मोठमोठी चकचकीत हॉस्पिटले ट्रस्टची असतात, त्यांना जमीन, कर, वीज अशा कशाकशात सवलत मिळालेली असते. त्या बदल्यात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ठरवून दिली. त्या योजनेत स्पष्ट आहे की तातडीच्या पेशंटला ताबडतोब भरती करायचे, स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार करायचे आणि त्यासाठी डिपॉझिट मागायचे नाही. नावाच्या पाटीवर ‘धर्मादाय’ हा शब्द लहान अक्षरात असला तरी नियम मोठाच आहे. काउंटरवर पैशाची भाषा सुरू झाली की विचारा, “हे धर्मादाय हॉस्पिटल आहे ना? समाजसेवा अधिकाऱ्याला बोलवा.” उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळे, केशरी रेशनकार्ड नंतर आणून देता येते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचेही तसेच. योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. कार्ड घरी राहिले, रात्र आहे, तरी तातडीच्या केसमध्ये फोनवर कळवून उपचार सुरू करण्याची सोय योजनेत आहे. कागद मागाहून. “आधी कागद, मग अ‍ॅडमिट” म्हणाले तर तिथूनच १५५३८८ ला फोन लावा, फोन स्पीकरवर ठेवा.

आता ज्या ठिकाणी आपली माणसे सर्वांत जास्त फसतात तिथे येते. पैसे नाहीत म्हणून पेशंटला बाहेर काढायचे असते, पण तसे कागदावर आलेले दवाखान्याला नको असते. मग एक फॉर्म पुढे येतो. “इथे सही करा, म्हणजे पेशंट सोडतो.” त्या फॉर्मवर लिहिलेले असते, की डॉक्टरांनी समजावूनही आम्ही स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या जबाबदारीवर पेशंटला नेत आहोत. घाबरलेला बाप, रडणारी बायको सही करून मोकळी होते. रस्त्यात काही झाले तर दोष त्यांचाच! पुढे मी ज्या ज्या तक्रारी लिहिल्या, त्यांतल्या कितीतरी याच सहीमुळे अडकल्या. मी स्वतः नोकरीत असताना असे फॉर्म भरून घेतले आहेत, म्हणून त्या कागदाची ताकद मला माहीत आहे. न वाचता सही करू नका. वाचता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या पोराला फोनवर फोटो पाठवा. आणि सही करण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहा, “डिपॉझिट भरता आले नाही म्हणून दवाखान्याने दुसरीकडे न्यायला सांगितले,” आणि खाली तारीख, वेळ. मोडके-तोडके लिहिले तरी चालेल. ही एक ओळ लिहू लागताच मागाहून खाट सापडल्याचे मी पाहिले आहे.

पुढे पाठवणार असतील तर रेफरची चिठ्ठी घ्याच. तिच्यात पेशंट किती वाजता आला, बीपी आणि नाडी किती, काय काय दिले, का पाठवत आहेत, कुठे पाठवत आहेत आणि डॉक्टरची सही हवी. नुसते ‘सिव्हिल’ लिहिलेला चिटोरा म्हणजे चिठ्ठी नव्हे. १०८ ची रुग्णवाहिका मागवायला सांगा. ती मोफत आहे. २०१४ साली ती सेवा सुरू झाली तेव्हा राज्यभरात ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ गाड्यांत गंभीर पेशंटसाठीची जादा साधने होती. गाडीत डॉक्टर असतो. रिक्षात पेशंट बसवून नेऊ नका, असे म्हणणे मला सोपे आहे, हे मला कळते. गाडी यायला वेळ लागतो, आपल्या गल्ल्यांत ती शिरत नाही. तरी फोन करा. एका माणसाला रस्त्याच्या तोंडाशी उभे करा. बाळंतपणासाठी १०२ आहे आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, रक्त, औषधे, जेवण, घरी सोडणे हे सगळे मोफत आहे. त्यावर वेगळे लिहीन.

रस्त्यावरच्या अपघाताबद्दल थोडक्यात. जखमीला उचलून नेले तर पोलिसांचे लचांड मागे लागेल, ही भीती आता सोडून द्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव, पत्ता सांगायची सक्ती नाही, थांबवून ठेवता येत नाही, दवाखाना तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत बिनपैशाच्या उपचाराची केंद्राची योजनाही लागू झाली आहे. ती नेमून दिलेल्या दवाखान्यांतच चालते, म्हणून ११२ ला फोन करून जवळचा दवाखाना विचारा.

ज्या गोष्टी आपण दारे लावून बोलतो, त्यांच्याकडे येते.

विष घेतलेली माणसे आमच्याकडे उशिरा यायची. रस्त्यात अंतर होते म्हणून नाही, घरात बैठक बसलेली असायची. पोलिस येतील, पोरीचे नाव होईल, नवऱ्याला धरतील. मग “चक्कर आली”, “खाण्यातून झालं” असे सांगायचे. अहो, डॉक्टरला काय घेतले ते कळले तर त्या विषावरचे औषध देता येते. खोटे सांगितलेत तर पोटदुखीचे इंजेक्शन मिळेल आणि माणूस हातचा जाईल. कायदा बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे मानले की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, त्याला शिक्षा नको, उपचार आणि आधार हवा. जुन्या दंडविधानातले ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही. सरकारी माणसाला अडवण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा ठरतो. तेव्हा बाटली किंवा पुडी सोबत आणा, खरे सांगा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका, रॉकेल किंवा अ‍ॅसिड घेतले असेल तर मुळीच नाही. आणि ते माणूस वाचल्यावर त्याला टोमणे मारू नका, त्याच्याजवळ बसा. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी मोफत फोनसेवा १४४१६ वर आहे.

भाजलेल्या बाईच्या खाटेभोवती सासरचे कडे करून उभे असतात, हे मी कितीदा पाहिले. “स्टो भडकला म्हण.” तिची जबानी घेताना नातेवाईकांना बाहेर काढायला सांगा. ते सांगण्याचा अधिकार तिच्या आईला, बहिणीलाही आहे. तिला औषध, सलाईन, पट्टी आधी, जबानी त्याबरोबर. ती बोलू शकते की नाही हे डॉक्टरांनी पाहायचे असते.

बलात्कार किंवा अ‍ॅसिड हल्ला झाला असेल तर कायद्यात शंकेला जागाच नाही. सरकारी, खासगी, कोणताही दवाखाना असो, प्राथमिक किंवा वैद्यकीय उपचार ताबडतोब आणि मोफत द्यायचे. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७ क म्हणून होते, आता नागरिक सुरक्षा संहितेत ३९७ कलम आहे. नकार दिला तर दवाखाना चालवणाऱ्याला न्याय संहितेच्या २०० कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. लहान मुलांच्या बाबतीत पोक्सोचे २०२० चे नियम सांगतात की उपचाराआधी कसलाही कागद मागायचा नाही. बाई आधी ठाण्यात न जाता सरळ दवाखान्यात येऊ शकते. तपासणी तिच्या संमतीनेच. तपासणीला ती नाही म्हणाली तरी उपचार थांबवता येत नाहीत. दवाखान्याला पोलिसांना कळवावेच लागते, हे मात्र तिला आधी समजावून सांगायला हवे. ‘दोन बोटांची’ तपासणी सर्वोच्च न्यायालयाने चुकीची ठरवली आहे. कोणी करू पाहिले तर स्पष्ट नकार द्या. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्हीपासून बचावाची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून ‘आधी समाजाच्या चार माणसांना विचारू’ यात रात्र घालवू नका.

जातीवरून मारहाण झाली असेल तेव्हा दवाखान्यातला कागद हाच पुढे खटल्याचा कणा असतो. डॉक्टरला प्रत्येक जखम दाखवा. पाठीवरचे वळ, पायावरची सूजसुद्धा. जखमेची जागा, लांबी, कशाने झाली असावी हे लिहायला सांगा. ‘किरकोळ मार’ एवढेच लिहून घरी पाठवले तर अ‍ॅट्रॉसिटीचा खटला तिथेच लंगडा होतो. दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात जाण्यापासून जातीवरून अडवणे हादेखील अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात, २०१५ च्या सुधारणेपासून, वेगळा गुन्हा आहे. आणि “तुम्ही तर बौद्ध, तुम्हाला कुठला अ‍ॅट्रॉसिटी” असे ठाण्यात ऐकवले गेले तर सांगा, १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश झालेला आहे.

संमतीबद्दल लोक मला नेहमी विचारतात. शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाची संमती त्याची स्वतःची. बायकोच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही हवीच, ही दवाखान्यांची सवय आहे, कायदा नव्हे. नवरा दारू पिऊन कुठे पडला आहे ते शोधत बसायची गरज नाही. पेशंट बेशुद्ध आहे, सोबत कोणी नाही, आणि थांबले तर जीव जाईल, अशा वेळी डॉक्टर संमतीशिवायही जीव वाचवणारा उपचार करू शकतो. चांगल्या हेतूने केलेल्या अशा कामाला न्याय संहितेचे ३० वे कलम संरक्षण देते. पण या सवलतीला हद्द आहे. २००८ सालच्या एका निकालात, एका बाईने फक्त दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलीत असताना डॉक्टरने बाहेर बसलेल्या आईला विचारून गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. जीव धोक्यात नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, आईची संमती ही तिची संमती नव्हे. आपल्या बायकांच्या पिशव्या ज्या सहजतेने काढल्या जातात, ते पाहता हा निकाल प्रत्येक महिला मंडळात वाचला जायला हवा.

आता दवाखान्याच्या बाजूने बोलते, आणि पोरांनो, हे तुमच्यासाठी आहे. कॅज्युअल्टीत आधी कोण आला हे पाहत नाहीत, कोण जास्त धोक्यात आहे हे पाहतात. तुमच्या भावाचा हात मोडला आहे, तो ओरडतो आहे, आणि सिस्टर त्याला सोडून कोपऱ्यातल्या गप्प पडलेल्या म्हातारीकडे धावते. भेदभाव नाही तो. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे हे आम्हाला ऐकू येते. जो गप्प झाला आहे, त्याच्याकडे आधी जावे लागते. थांबायला लागले म्हणजे अन्याय झाला असे नाही. तुम्हाला कोणी पाहिलेच नाही, नाडी धरली नाही, नाव लिहिले नाही, तो अन्याय. म्हणून चिडण्याआधी विचारा, “पेशंटला तपासलं का? केसपेपरवर वेळ लिहिली का?” आणि हात उचलू नका. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय यांच्यावर हल्ला किंवा तोडफोड केली तर २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. दवाखान्याची चूक बाजूला राहते, आपल्या वस्तीतली चार पोरे आत जातात, आणि ज्याचा माणूस गेला त्याची तक्रार कोणी ऐकत नाही.

बिल थकले म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. बिल वसूल करायला दवाखान्याला दिवाणी मार्ग आहे. माणूस गहाण ठेवता येत नाही. हे २०२१ च्या नियमांतही आहे आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेतही. अडवले तर ११२ ला फोन करा.

तक्रार करायची तर कागद लागतात. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत केसपेपरची नक्कल देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. खासगी दवाखान्याची तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, ग्रामीण भागात जिल्हा शल्य चिकित्सकाकडे. ट्रस्टचे हॉस्पिटल असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे. डॉक्टरच्या वागण्याबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. पैसे देऊन उपचार घेतले असतील तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यांचा फोन १५१००.

तक्रारीत शिव्या नकोत, रडणे नको. किती वाजता पोहोचलो, दारात कोण होते, काय म्हणाले, त्यांचेच शब्द, किती वाजता निघालो, पुढच्या ठिकाणी किती वाजता पोहोचलो. घड्याळ पाहून लिहिलेली अर्धी पानभर तक्रार दहा पानांपेक्षा जास्त चालते. त्या रात्रीच्या चौघांपैकी एकाने जरी असे लिहून दिले असते, तर पहिले नाव डॉक्टरांचे आले असते आणि दुसरे माझे.

विहाराच्या फळ्यावर हे नंबर लिहून ठेवा आणि पावसाने पुसले की पुन्हा लिहा : रुग्णवाहिका १०८, बाळंतपण १०२, पोलिस व तातडीची मदत ११२, फुले योजना १५५३८८, मनाचा त्रास १४४१६, मोफत वकील १५१००.